चाक थांबेपर्यंत

दुपारची जेवणं आटोपल्यावर मी आत्याकडे मडकं आणायला गेले. वाणसामान आणायला जावं, तशीच गेले. बाबांचा श्वास सकाळपासून तुटत चालला होता, आणि आमच्या पंथात मरणाऱ्याच्या उशाशी आत्याच्या हातचं मडकं लागतं.

दूरच्या शहरात सहा वर्षं डॉक्टरकी शिकून मी दोन महिन्यांपूर्वीच परतले होते. पंथाची शिकवण मला लहानपणापासून पाठ होती. आवाज आपला नसतो, तो मातीचा असतो. शेवटच्या श्वासाबरोबर तो मडक्यात घ्यायचा, ओल्या मातीने तोंड लिंपायचं आणि मातीला परत करायचा. गावातली सगळी गेलेली माणसं अशी मडक्यांतून आत्याच्या फळ्यांवर ओळीने मांडलेली होती. हे सगळं बंद पाडायचं आणि लोकांना भीतीतून सोडवायचं, असं ठरवूनच मी आले होते. बाबा गवंडी. ते हसून म्हणायचे, आधी मला मरू दे, मग गाव सुधार.

आत्याने मडक्याबरोबर एक छोटं लाकडी चाकही दिलं. श्वास थांबला की चाकाला एक फेरा द्यायचा आणि ते आपोआप थांबल्याशिवाय मडकं लिंपायचं नाही. खोलीत पोटच्या लेकराशिवाय कोणी असायचं नाही. हे तिने मला तीनदा बजावलं.

"मला नाडी बघता येते, आत्या," मी म्हटलं.

"बघ की. पण चाक थांबू दे."

उन्हं कलताना बाबांचा श्वास थांबला. मी मनगट धरून पाहिलं, काही लागेना. त्यांच्या ओठांशी मडकं धरलं आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. खोलीत औषधांचा आणि ओल्या मातीचा वास भरला होता. चाक कुरकुरत फिरत राहिलं. मला रडायचं होतं, आणि त्या कुरकुरीत रडूही फुटेना. शेवटी मी चाकावर तळवा ठेवला. ते थांबलं. मी मडकं लिंपलं.

आणि बाबांनी श्वास घेतला.

तिसऱ्या दिवशी ते भिंतीला धरून चालायला लागले. शेजारीपाजारी माझ्या शिक्षणाचं कौतुक करून गेले. पण बाबा बोलेनात. त्यांना ठसका लागला, छाती हलली, डोळ्यांत पाणी आलं... आवाज मात्र आला नाही. पाणी पितानाही घशातून एक घोट वाजला नाही. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले होते. तेव्हा खिडकीत ठेवलेल्या त्या लिंपलेल्या मडक्यातून, भिंतीपलीकडून यावी तशी हाक आली.

"पोरी... इथे अंधार आहे गं..."

मी मडकं पोटाशी धरलं, बाबांचा हात धरला आणि भर दुपारी आत्याकडे धावले. आत्याने दार लावून घेतलं. चाक हाताने थांबवलंस ना, एवढंच तिने विचारलं. मग खाली बसून तिने मला पंथाची सुरुवात सांगितली. ती मला ठाऊक होती. दरडीखाली सापडून कुंभाराची मुलगी गेली, त्याने तिच्या ओठांशी कच्चं मडकं धरलं, आणि त्यातून तिचा आवाज ऐकू आला.

"ती गेली नव्हती," आत्या म्हणाली. "त्याने घाई केली."



मुलगी नुसती बघत बसायची, आत्या सांगत होती. वर्षभराने कुंभाराने मडकं फोडलं, पण फोडताना तिच्या नावाने ओरडला. आवाज सापडेल त्या उघड्या तोंडात शिरतो. पुढची चाळीस वर्षं तो लेकीच्या आवाजात बोलला, आणि लोक त्याच्या पाया पडले. आपले उपदेशक बारीक आवाजात प्रार्थना का म्हणतात, हे इतकी शिकलीस तरी कधी विचारलं नाहीस, असं ती म्हणाली.

मी बाबांना खाली बसवलं. मडकं त्यांच्या तोंडाजवळ धरलं आणि बोटाने त्यांचा जबडा उघडला. स्वतःचे ओठ दातांखाली घट्ट धरले. आत्याने तोंडाला पदर लावला. मी दगड मारला. खापऱ्या उडाल्या.

काहीच झालं नाही. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि त्यांची मान कलली. ते कोसळताना मी त्यांना सावरायला वाकले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं...

"बाबा..."

तो आवाज बाबांचा होता. जाड, सिमेंटच्या धुळीने खरखरीत झालेला. पाठोपाठ माझेच ओठ माझ्या मनाविरुद्ध हलले आणि म्हणाले, "सुटलो गं, पोरी."

बाबांचं शरीर माझ्या मांडीवर गार होत होतं. आत्या त्यांच्याकडे बघतही नव्हती.

"मग तुझा कुठे गेला?" ती पुटपुटली.

ती उठली. भिंतीलगत आदल्या दिवशी घडवलेली रिकामी मडकी वाळत होती. ती एकेकाला कान लावत पुढे सरकू लागली. सातव्यापाशी थांबली आणि बराच वेळ ऐकत राहिली. मध्येच तिने हळू मान डोलावली, कुणी काही विचारल्यासारखी.

"काय म्हणतोय माझा आवाज?" मी बाबांच्या आवाजात विचारलं.

 मडक्याच्या तोंडावर तळवा दाबून धरत, माझी नजर टाळून आत्या म्हणाली,

"माती भिजव. लवकर."