दगडाची वरची बाजू कोणती?

दगडाची वरची बाजू कोणती, असं कुणी विचारलं असतं तर निशिगंधा कुदळेने त्याला वेड्यात काढलं असतं. दगड तो दगड, कसाही ठेवा. पण २०६३ सालच्या एका मंगळवारी, काळमाथा गावच्या ज्युनिअर कॉलेजच्या जिन्यात हाच प्रश्न तिच्या पायाशी येऊन पडला.

त्याचं असं झालं. गावाला उन्हाळ्यात पुरेल एवढं पाणी साठवण्यासाठी जमिनीखाली मोठी टाकी बांधायची होती. ती किती खोल खणायची हे ठरवण्यासाठी यंत्राने जमिनीला भोक पाडून गाभा (पोकळ नळीसारख्या यंत्राने कापून वर काढलेला खडकाचा लांबट दांडा) बाहेर काढला होता. वरचे पाच मीटर नुसती माती आणि मुरूम. त्याखालच्या तीन मीटर खडकाचे मीटरभर लांबीचे तीन तुकडे एका पेटीत ठेवले होते. त्यांची नोंद करायचं काम या वर्षी पहिल्यांदाच अकरावीच्या भूशास्त्राच्या वर्गाला मिळालं होतं आणि दुपारी इंजिनिअर ती नोंद न्यायला येणार होते.

वर्गाचा मदतनीस म्हणजे एक रोबो. दिसायला चौकोनी, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठोकळा ठेवलं होतं. त्याने बजावलं होतं की आधी तुकड्यांवर क्रमांक आणि बाण काढायचे, मगच पेटी हलवायची. पण ठोकळा रंग आणायला गेला आणि निशिगंधाला दम धरवला नाही. तेरा-चौदा किलोंची पेटी तिने एकटीने उचलली. तिसऱ्या पायरीवर पाय घसरला.

लाल मातकट तुकडा पेटीच्या मधल्या खाचेत घट्ट बसला होता, तो जागचा हलला नाही. बाकीचे दोन बाहेर पडून घरंगळत खाली गेले. मोडले नाहीत, पण कुठला वर होता, कुठला खाली, कुठलं टोक आकाशाकडे होतं, काही म्हणता काही कळेना. टोकं करवतीने सपाट कापलेली, त्यामुळे जुळवूनही पाहता येईना. निशिगंधाच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. एक तुकडा काळा, सलग. दुसरा भोकाभोकांचा, जाळीच्या धिरड्यासारखा. तिने झटपट विचार केला. काळमाथ्याचा खडक बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) आहे. तापलेल्या लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि तिथेच अडकून भोकं राहतात. म्हणजे भोकांचा तुकडा वर, मध्ये लाल, तळाशी काळा. पेटी प्रयोगशाळेत नेऊन तिने नोंद लिहूनसुद्धा टाकली.

ठोकळा परत आला. त्याने नोंद वाचली आणि या नोंदीवरून इंजिनिअर काय करतील, एवढंच विचारलं. मुलांनी स्वतः विचार करावा म्हणून त्याला आयतं उत्तर द्यायची परवानगीच नव्हती.

निशिगंधा सांगू लागली. भोकांच्या दगडातून पाणी झिरपतं, तो तळ म्हणून चालणार नाही. लाल थर भिजला की फुगतो आणि घसरतो, तोही नको. मग दोन्ही थर खणून सात मीटरवर, काळ्या दगडावर तळ घालायचा. बोलता बोलता ती थांबली. लाल थर खणताना बाजूची भिंत सुटली तर खाली काम करणाऱ्यांच्या अंगावर येणार होती. आणि तिच्या अंदाजावर विसंबून खाली उतरणाऱ्या गवंड्यांत तिचे दादा, म्हणजे वडील, सगळ्यांत पुढे असणार होते.

हातातलं पेन तिने खाली ठेवलं. ओरडा बसेल, वर्गाचं काम जाईल, मुलं वर्षभर टोमणे मारतील, हे सगळं तिला दिसत होतं. तरी ती उठली आणि सरळ डबीर मॅडमकडे गेली. डबीर मॅडमनी तीस वर्षं डोंगरदऱ्यांत खडक तपासले होते आणि आता त्या हौसेने भूशास्त्र शिकवत होत्या.

"मॅडम, पेटी माझ्या हातून पडली. आणि नोंद मी अंदाजाने लिहिलीय," ती म्हणाली.

मॅडमना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. मग म्हणाल्या, "चल. तुला आठवत नसेल, पण दगडाला आठवत असेल."

ठोकळ्याजवळ दगड न फोडता आत पाहणारे किरण होते. काय पाहायचं ते मात्र माणसानेच सांगायचं. निशिगंधाने भोकांचा तुकडा त्याच्यासमोर धरला. हवेत त्याचं काचेसारखं आरपार चित्र उभं राहिलं. काही भोकं रिकामी होती, काही पांढऱ्या खनिजाने भरलेली. आणि काही अर्धीच भरलेली. त्या अर्ध्या भोकांत खनिजाचे थर एकावर एक, अगदी सपाट बसले होते.

निशिगंधा बघतच राहिली. दादांच्या पिशवीत पाणसळ (बांधकाम समपातळीत आहे का हे दाखवणारं गवंड्याचं साधन) असते. तिच्यातला बुडबुडा नेहमी वर राहतो आणि पाणी खाली.

"यात पाणी झिरपलं असणार," ती सावकाश म्हणाली, "आणि पाण्यातलं खनिज तळाशी साचत गेलं. म्हणजे भरलेली बाजू खालची, रिकामी बाजू वरची."

तिने तुकडा तसा उभा केला. तेव्हा दिसलं की वरच्या टोकाला भोकांची दाटी आहे आणि खाली ती विरळ होत गेली आहेत. म्हणजे या लाव्ह्याचा माथा इथेच संपला होता. काळ्या तुकड्याला मात्र कुठेच तशी दाटी नव्हती. एका टोकाला तेवढ्या बोटभर उभ्या नळ्या होत्या. मॅडमनी सांगितलं की ओल्या मातीवरून लाव्हा वाहत गेला की मातीतल्या पाण्याची वाफ त्यात शिरते आणि अशा नळ्या पडतात.

"म्हणजे नळ्यांचं टोक लाल मातीवर," निशिगंधा म्हणाली. तिचं घोडं कुठे अडलं होतं ते आता तिला कळलं. बुडबुडे वर जातात हे खरंच होतं. पण तिने लाव्हा एकदाच आला असं धरलं होतं, आणि तो आला होता दोनदा. पहिला थिजला, भोकांचा माथा उघड्यावर पडला. हजारो वर्षं ऊन-पावसाने तो झिजून त्याची माती झाली. मग दुसरा लाव्हा आला आणि त्याने ती माती विटेसारखी लाल भाजून काढली. म्हणजे वर काळा, मध्ये लाल, खाली भोकांचा. तळासाठी सलग दगड पाच मीटरवरच होता आणि लाल थराला हात लावायची गरजच नव्हती.

निशिगंधाने नवी नोंद लिहिली. पेटी कशी पडली तेही त्याखाली लिहिलं आणि सही केली. इंजिनिअरनी ती दोनदा वाचली. अशा नोंदीवर मी माणसं खाली उतरवणार नाही, ते स्पष्टच म्हणाले. यंत्र दुसऱ्या गावाहून परत आलं की शेजारीच नवं भोक पाडू, तोवर काम बंद. गवंड्यांचे आठ दिवस बुडाले. दादांनी घरी आल्यावर पाणसळ पिशवीतून काढून खुंटीला टांगली आणि निशिगंधाला तेच फार लागलं.

नवव्या दिवशी यंत्र घरघरलं. सगळा वर्ग जमला होता. पाच मीटर झाले आणि पहिला तुकडा वर आला. काळा, सलग, खालच्या टोकाला बोटभर नळ्या. त्याच्या मागोमाग लाल. मग भोकांचा, वर दाट आणि खाली विरळ. निशिगंधाच्या जिवात जीव आला.

टाकीसाठी पाच मीटरचा खड्डा खणून झाला तेव्हा दादा शिडीवर पाय ठेवून थांबले. काठावर उभ्या असलेल्या लेकीला त्यांनी विचारलं, "त्या भोकांच्या दगडाखाली काय असेल गं?"

"आणखी एखादी लाल माती असेल. तिच्याखाली आणखी जुना दगड. कुणी पाहिलं नाही अजून, दादा. मी पाहणार आहे."

दादांनी मान डोलावली आणि मागच्या गवंड्याला म्हणाले, "चला उतरा. पोरीनं खालचं बघून ठेवलंय."