बिनवासाची खोली

ह्यांचं काम पूल तपासायचं. एका गावचा पूल झाला की पुढचं गाव, आणि तिथलं कुठलं तरी मोटेल. मी आणि आमची लहानगी ठकी बरोबरच असायचो. लग्नाआधी मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचे. उगाच घाबरणारी बाई मी नव्हे. बाहेरच्या खाण्याने ठकीचं पोट बिघडायचं, म्हणून इलेक्ट्रिक कुकर सोबत घेऊन हिंडायचे. खोलीत स्वयंपाकाला मनाई असली, की न्हाणीघराच्या खिडकीशी गुपचूप कुकर लावायचा आणि बेसिनच्या काठावर कांदा चिरायचा.

पहिल्यांदा जाणवलं ते एका रंग उडालेल्या मोटेलात. दार उघडलं तर करपलेल्या डाळीचा वास.

"आधीचे लोकही आपल्यासारखेच चोर दिसतायत," हे हसले.

मी अंडी करणार होते, पण ती गाडीतच फुटली होती. मग डाळ लावली. ठकीला अंघोळ घालेपर्यंत ती खाली लागली आणि खोलीभर तोच वास पसरला.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पुढच्या मोटेलात उतू गेलेल्या दुधाचा वास आला, तेव्हा मात्र मी मुद्दाम दूध आणलंच नाही. दुपारी शेजारच्या खोलीतल्या आजी दुधाची पिशवी घेऊन दारात उभ्या. "पोरीला गरम करून दे गं."

मी भांड्यासमोरून हललेसुद्धा नाही. तरी डोळ्यांदेखत दूध उतू गेलं.

"डॉक्टरला नाक दाखव एकदा," हे हसत म्हणाले. पण ते हसू उसनं होतं.

मग ते तिसरं मोटेल. भर दुपारी ह्यांनी दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थबकले.

वासच नव्हता. फिनाइलचा नाही, गादीचा नाही, कशाचाच नाही. मी पिशवीतली लसणाची पाकळी नखाने चिरून हुंगली. झणझणीत. एक पाऊल आत टाकून पुन्हा हुंगली.

काही नाही.

"इथे राहायचं नाही," मी बाहेर येत म्हटलं.

"अगं, चावी घेतलीय! दमलोय मी."

आमची दारातच जुंपली. ठकी कधी आत पळाली, कळलंही नाही. हाक मारली, तर तोंड पुसत बाहेर आली.

गाडीत ती गप्प होती. एरवी रस्ताभर भुकेचा घोषा असतो.

नव्या मोटेलात दार उघडताच जिरं घातलेल्या भाताचा वास आला. मला इतकं हायसं वाटलं, की मी आल्या आल्या तोच भात लावला. ताटं मांडली.

"मी जेवलेय," ठकी म्हणाली.

"कुठे?"

"त्या खोलीत. तुम्ही भांडत होतात ना, तेव्हा."

"कोणी वाढलं?"

"आईने."

तिच्या बाहीला भाताचं शीत चिकटलं होतं. मी बोटाने दाबून पाहिलं. मऊ होतं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चटकन मान खाली घातली. आम्ही दोघंच जेवलो.

नंतर मी बेसिनपाशी पाठमोरी भांडी घासत होते. नळ बंद केला, तेव्हा मागून ठकीचा आवाज आला, अगदी हळू.

"बाबा, आई कधी येणार?"



"येईल," हे म्हणाले.