ओडिलिया आजींची ऑडी

"अगं, पीठ पेरतेयस की केक करतेयस? हात आवर!" गाडीमागून एन्नो कुजबुजला.

"गप रे! पातळ थरात मार्डरचे पंजे उमटायचे नाहीत," येट्टे म्हणाली आणि तिने गॅरेजच्या फरशीवर आणखी एक मूठ पीठ भुरभुरवलं.

मार्डर म्हणजे मुंगसाचा थोराड भाऊ. ऊब शोधत इंजिनात शिरायचं आणि रबरी नळ्या कुरतडायच्या, हा त्याचा धंदा. जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात कुठलीही गाडी बिघडली की पहिलं नाव त्याचंच घेतात. येट्टेच्या बाबांनी, म्हणजे फोल्कमारनीही तेच घेतलं होतं.

पण बिघडलेली गाडी साधीसुधी नव्हती. ती ओडिलिया आजींची लाल ऑडी क्वाट्रो होती! चाळीस वर्षांपूर्वीची, पाच सिलिंडरची, चारही चाकांत जोर असलेली. ओडिलिया आजी गावच्या सुईण. गुडघाभर बर्फ पडला की बाकीच्या गाड्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवत बसायच्या आणि ही लाल गाडी गुरगुरत वर जायची. अर्धं गाव आजींच्या हातांवर जन्मलं होतं. आजींनी काम थांबवलं तेव्हा गाडी विकली गेली आणि कुणाच्या तरी गोठ्यात गंजत पडली. गावाने ती हुडकून आणली. कुणी पत्रा ठोकला, कुणी सीटा शिवल्या, इंजिन फोल्कमारनी उभं केलं. कारण एकच! रविवारी आजी कायमच्या लेकीकडे, कीलला समुद्राकाठी राहायला जाणार होत्या. त्याआधी शनिवारी गाव त्यांना त्यांच्याच गाडीतून मिरवणार होतं. आजींना याचा पत्ताही नव्हता.

आणि आता ऐन वेळी गाडी रुसली होती. सुरू व्हायची, एका जागी छान घुरघुरायची, पण पॅडल दाबलं की खोकून बंद!

"उद्या दुपारी ट्रक येऊन गाडी शहरातल्या वर्कशॉपला नेणार," शेजारची आल्मुट काळजीने म्हणाली. "तिथून ती परत येईपर्यंत आजी कीलला पोचलेल्या असतील. मग त्यांना काय फोटो पाठवायचा?"

"म्हणून तर पीठ!" येट्टे म्हणाली. "मार्डर कुठून शिरतो ते कळलं की कुठे चावला तेही कळेल."

"आमच्या हांबुर्गमध्ये गुन्हेगार पकडायला पोलीस असतात, मैदा नाही," एन्नो म्हणाला. तो येट्टेचा आतेभाऊ, ईस्टरच्या सुट्टीला आलेला. प्रत्येक गोष्टीत हांबुर्ग काढल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे.

शुक्रवारी उजाडताच तिघं गॅरेजमध्ये हजर!

"एन्नो," येट्टे फरशीकडे बघत म्हणाली, "मार्डर लाकडी बूट घालतो का रे?"

पिठात पंजे नव्हतेच. मोठाल्या लाकडी बुटांचे ठसे दारातून थेट गाडीच्या तोंडापर्यंत गेले होते आणि तसेच परतले होते. डाव्या टाचेचा एक टवका उडालेला होता.

"घातपात!" एन्नोचे डोळे चमकले. "कुणीतरी मुद्दाम गाडी बिघडवतंय!"

आल्मुटचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"काय झालं गं?" येट्टेने विचारलं.

"हे बूट आमच्या मागच्या दाराशी असतात," ती हळूच म्हणाली. "बाबांचे आहेत."

आल्मुटचे बाबा गेरनोट आणि फोल्कमार जिवलग मित्र, पण गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीपासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडणाचं कारण हीच गाडी! फोल्कमारनी तिची उंची दोन बोटं कमी केली होती आणि तिला रुंद, चकाकती चाकं लावली होती. गेरनोटना मात्र तिचा स्क्रूसुद्धा कारखान्यातून निघाला तसाच हवा होता. "सर्कशीतला घोडा केलास तिचा!" असं म्हणून ते जे गेले, ते पुन्हा गॅरेजकडे फिरकले नव्हते. निदान सगळ्यांची तशी समजूत होती.

"माझे बाबा रागीट आहेत, पण आजींच्या गाडीचं वाईट करायचे नाहीत!" आल्मुट रडवेल्या आवाजात म्हणाली. "दर हिवाळ्यात ते आजींची लाकडं फोडून देतात. कुणी न सांगता!"

येट्टेला एकदम वाईट वाटलं. तिने आल्मुटचा हात घट्ट धरला. "आधी पुरावा बघू. मग बोलू."

बॉनेट उघडलं. आत एक करडा लोकरी मोजा टांगलेला होता. काल तो तिथे नव्हता! एन्नोने हुंगून पाहिला आणि नाक मुरडलं. "शी! ओला कुत्रा!"

मोज्यात ठासून कुत्र्याचे केस भरले होते. आल्मुट रडता रडता हसायलाच लागली. "आमच्या झोटेलचे आहेत! तरीच बाबा त्याला रोज विंचरतात! कुत्र्याच्या वासाने मार्डर जवळ येत नाही ना!"

"म्हणजे काका चोरून गाडीची राखण करतात?" एन्नो ओरडला.

"आणि भांडणापायी कबूल करत नाहीत! मोठी माणसं म्हणजे ना!" येट्टेने कपाळाला हात लावला. मग तिने मोजा उलटसुलट करून पाहिला. "हा एकच कसा? याचा जोडीदार कुठाय?"

जोडीदार काही सापडेना. पोटात कावळे कोकलायला लागले, तेव्हा तिघं स्वयंपाकघरात आली. बटाट्याची गरम धिरडी आणि सफरचंदाचा गोड लगदा! शेजारच्या खोलीत फोल्कमार ट्रकवाल्याशी फोनवर बोलत होते. आवाज अगदी पडलेला होता.

"बाबा, जरा इंजिनात बघू का?" येट्टेने विचारलं.

"अजिबात नाही! पोरांनी तिथे नाक खुपसायचं नाही!"

एन्नोने तेवढ्यात रस प्यायची नळी तोंडात धरून नाक चिमटीत दाबलं होतं. "बघा, मी नुसत्या नळीतून श्वास घेऊन जगू शकतो!"

"मोठा आला! तसाच जिना चढून दाखव!" आल्मुट म्हणाली.

एन्नो धावला. अर्ध्या जिन्यातच नळी फेकून तो लालेलाल होऊन मटकन बसला. "मेलो! बसलो होतो तोवर ठीक होतं गं!"

येट्टे ताडकन उठली. "एका जागी ठीक, धावलं की गुदमरायचं! एन्नो, तू गाडी आहेस!"

"आणि तू गाढव आहेस!"

"अरे, गाडीचं नाक चोंदलंय!"

तिघं पळतच गॅरेजमध्ये गेली. गाडीच्या पुढच्या दिव्यामागे हवा आत घेणारा काळा पाइप होता, आणि त्याच्या ओठाला चिकटले होते झोटेलचे चार केस!

पाइप हवेच्या फिल्टरच्या डब्यात जात होता. डबा चिमट्यांनी बंद होता. पण हात लावायची परवानगी नव्हती, आणि दुपारी ट्रक दारात उभा राहणार होता.

"माझ्याकडे एक युक्ती आहे," आल्मुट म्हणाली आणि घराकडे सुटली.

"बाबा! फोल्कमार काका गाडीला याहून रुंद चाकं लावताहेत! गुलाबी!"

"काय?" गेरनोट आंघोळीतून बाहेर आल्यासारखे ओल्या केसांनी, लाकडी बूट खटखटवत धावले.

ते गॅरेजात शिरताच येट्टे इकडे ओरडली, "बाबा! गेरनोट काका गाडीपाशी आलेत!"

फोनही न ठेवता फोल्कमार धावले. दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"तू इथे काय करतोयस?"

"आधी गुलाबी चाकं दाखव!"

"कसली गुलाबी चाकं?"

"नाहीतच ती!" येट्टे मध्ये पडली. "काका, हा मोजा तुमचाच ना? याचा जोडीदार कुठे ठेवलात?"

गेरनोटचे कान लाल झाले. "तो... नोव्हेंबरात. त्या पाइपच्या तोंडाशी खोचला होता. याला मार्डरची कधी काळजीच नसते! नंतर... भांडणात डोक्यातून गेला. मग रोज रात्री हा एकच टांगायचो आणि पहाटे काढून न्यायचो."

फोल्कमार वाकले. त्यांनी चिमटे काढले, डबा उघडला. आत फिल्टरला चिकटून, चांगला फुगलेला, करडा मोजा! हिवाळाभर उभी असलेली गाडी आठवड्यापूर्वी सुरू केली, तेव्हा इंजिनानेच तो पाइपमधून आत ओढून घेतला होता.

"आठवडाभर मी हिचं अख्खं इंजिन खोलायला निघालो होतो," ते पुटपुटले, "आणि तू सगळा हिवाळा हिच्यासाठी मोजे भरत होतास?"

"सर्कशीतला घोडा असला तरी आजींचाच आहे ना," गेरनोट म्हणाले.

फोल्कमार आधी खो खो हसले, मग त्यांनी गेरनोटना मिठीच मारली. किल्ली फिरवली. पॅडल दाबलं. आणि पाच सिलिंडरांचा तो खर्जातला आवाज असा घुमला, की झोटेल रस्त्यापलीकडून भुंकायला लागला! फोनमधून ट्रकवाला म्हणाला, "वा! मग मी कशाला येऊ?"

शनिवारी लाल गाडी ओडिलिया आजींच्या दारात उभी राहिली. आजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी हात पुढे केला.

"किल्ली."

"आजी, मी चालवतो की!" फोल्कमार म्हणाले.

"तू? तू जन्मलास तेव्हा तुला मी पाय धरून उलटा लटकवलाय. किल्ली दे."

गेरनोट चाचरत म्हणाले, "आजी, चाकं मात्र मूळची नाहीत हं."

"मूळची? अरे, पहिल्याच आठवड्यात मी हे जादा दिवे लावून घेतले होते! मला कुठे म्युझियममध्ये जायचं होतं? मला बाळंतिणींकडे पोचायचं होतं!" दोन्ही मोठी माणसं आपल्या बुटांकडे बघू लागली.

मग आजींनी विचारलं, "ही सुरू कुणी केली?"

"या तिघांनी," फोल्कमार म्हणाले. "आम्ही दोघं भांडत बसलो आणि यांनी डोकं चालवलं. पोरांनो, तुमचे फार उपकार आहेत!"

"हांबुर्गच्या पोलिसांनाही जमलं नसतं," एन्नोने स्वतःच सांगून टाकलं.

आजींनी तिघांना आत बसवलं. आल्मुट पुढे बसली. दारादारांत माणसं उभी होती, आणि ज्या घरात आजींनी मूल हातात घेतलं होतं, त्या प्रत्येक घरासमोर त्या हॉर्न वाजवत होत्या. हॉर्न थांबतच नव्हता! आजींचे गाल ओले झाले होते. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

आल्मुटच्या घरासमोर मात्र त्यांनी गाडी थांबवली.

"आजी, माझ्या वेळीही याच गाडीतून आला होतात?" आल्मुटने विचारलं.

"याच. तू आईच्या पोटात उलटी होतीस आणि रस्ता बर्फात गडप झालेला. मी चालवता चालवता तुझ्याशीच बोलत होते. थांब गं पोरी, मी येतेय, थांब, असं."

"मग मी थांबले?"

"थांबलीस ना," आजी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "म्हणून तर आज तू माझ्या दारी आलीस."