नेहमीचा वेग

त्या सकाळी मामांची गाडी सुरू झाली असती, तर यातलं काहीच घडलं नसतं. मामा म्हणजे पार्सलच्या डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर, सगळ्यांचेच मामा. कामाची वेळ मोजायला आलेला एक तरुण त्यांच्याच शेजारी बसायचा होता. पण ऐन वेळी गाडी रुसली आणि साहेबांनी त्याला पलीकडच्या गाडीत बसवलं. ती गाडी चिमणीची.

चिमणी हे तिचं डेपोतलं नाव. किरकोळ अंगाची, आणि तोंडाची टकळी दिवसभर चालू. कामात मात्र शिस्तीची होती. उतरताना दांडी धरायची, तोंड गाडीकडे ठेवायचं, पार्सल घेऊन धावायचं नाही, हे नियम ती काटेकोर पाळायची. ती आणि मामा आलटूनपालटून एकाच वाटेवर पार्सलं पोचवत. त्या वाटेला किती वेळ पुरतो ते मोजायला हा आला होता. तो लिहील ती वेळ पुढे दोघांनाही पाळावी लागणार होती.

"माझा श्वाससुद्धा मोजणार का?" तिनं गाडी काढता काढता विचारलं.

"श्वास नाही... धाप लागली तर लिहितो."

"आणि हसले तर?"

"ते... आमच्या तक्त्यात नाही," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

झालं! त्या लाल कानांनीच घात केला. पहिल्याच दारापाशी चिमणी दांडी न धरता टुणकन उतरली. जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढली. आपण किती चपळ आहोत ते त्याला दिसावं, एवढंच तिच्या मनात होतं. दुपारपर्यंत एवढा वेळ वाचला की तिनं गाडी पाण्याच्या टाकीमागच्या झाडांखाली लावली आणि आपला डबा त्याच्यापुढे सरकवला. त्यानं घड्याळ थांबवलं. खाण्याचा, बसण्याचा वेळ कामात धरायचा नसतो, असा त्याच्या मोजणीचा नियमच होता.

मग रोज तसंच होऊ लागलं. ती सकाळभर पळायची आणि दुपारी ती दोघं झाडांखाली बसायची. तिथं तो तिला 'तू' म्हणायला लागला, आणि तीही. एकदा वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले तर त्यानं हात उचलला... आणि तसाच खाली घेतला. प्रेमात पडलेल्या माणसाला 'जरा दमानं घे' असं कोण सांगणार? आणि सांगितलं तरी ऐकतंय कोण!

मोजणी संपली, नवी वेळ लागू झाली. पहिला आठवडा मामांचा होता. ती वेळ गाठायला मामा पळाले. झिमझिम पाऊस होता, पायरी निसरडी होती, दांडी धरायला उसंत नव्हती. मामा पडले, मांडीचं हाड मोडलं.

चिमणी दवाखान्यात गेली तेव्हा मामा तिच्याकडे बघेनात. "तुझ्या वेळेत बसण्यासारखं होतं गं सगळं," ते म्हणाले. "माझेच पाय म्हातारे झाले. आता घरी बसावं म्हणतो."

ती तिथून निघाली ती थेट झाडांखाली आली. तो वाट बघत होता. तिनं सगळं सांगितलं. त्याला आधी नीट कळेचना.

"पण मी 'नेहमीचा वेग' असंच लिहिलं," तो म्हणाला. "माणूस घाई करत असेल तर मला ओळखू येतं. तू तर पहिल्या दिवसापासून... मला वाटलं, तू अशीच आहेस."

"मी अशी नाहीये रे. तू शेजारी होतास म्हणून तशी होते."

तिच्या तोंडून प्रेमाची कबुली निघाली ती अशी, रडत रडत. त्यानं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला आणि मोजणी का चुकली ते त्यानं सांगून टाकलं. चिमणीवर काही येऊ न देता सगळं स्वतःवर घेतलं. साहेब भडकले, पण मोजणी रद्द झाली. नवी मोजणारी बाई यायची आणि त्याच दिवशी यानं निघायचं, असं ठरलं. त्याची बदली लांबच्या डेपोत झाली होती. घर तिथं हलवणं चिमणीला शक्य नव्हतं. तिची आई अंथरुणाला खिळलेली, तिला कूस बदलायलाही लेकच लागायची. त्याला हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं 'चल' म्हटलं नाही. त्यानं म्हणावं असं तिला फार वाटत होतं.

"उद्या मला गाठायला पळत येऊ नकोस," निघायच्या आदल्या दिवशी तो एवढंच म्हणाला.

"आले तर?"

"तर नवी वेळही चुकेल. मामांसाठी काहीच केलं नाही असं होईल."

दुसऱ्या दिवशी बाई शेजारी बसल्या. चांगल्या होत्या, कमी बोलणाऱ्या. बसस्टँड वाटेच्या शेवटाला होता आणि त्याची बस चारची. पूर्वीसारखी पळाली असती तर चिमणी सहज पोचली असती. तिचा जीव पुढे धावत होता. शेवटच्या गल्लीत तर तिनं पार्सल घेऊन उडी मारायला पाय उचललाच... तेवढ्यात तिला मामांची ती वळवलेली मान आठवली. तिनं दांडी धरली, तोंड गाडीकडे केलं आणि एकेक पायरी उतरली. दार उघडायला आलेल्या आजोबांना चष्मा सापडेना. ती थांबली. चष्मा सापडला, त्यांनी सावकाश सही केली, तिच्या आईची चौकशी केली. तिनं सगळ्याची नीट उत्तरं दिली आणि चालत परत आली.

गाडी स्टँडसमोरून गेली तेव्हा त्याच्या बसच्या फलाटावर कुणीच उरलं नव्हतं.

"तुम्ही रोज अशाच चालता ना?" बाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

चिमणीचे डोळे वाहत होते, पण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "हो," ती म्हणाली. "मी अशीच. तसंच लिहा."