तुलनेच्या गटाचे कान

केळुसकरबुवांनी चिपळ्या हातात धरायच्या की नाहीत, हे आता त्यांच्या प्रतिरूपांवर ठरणार होतं.

प्रतिरूप म्हणजे माणसाच्या नसा, स्नायू आणि सवयी मोजून संगणकात घडवलेला हुबेहूब दुसरा. पूर्वी एखादा उपचार खरंच लागू पडतो का, हे पाहायला वर्षानुवर्षं रुग्ण गोळा करावे लागत. आता एकाच माणसाची शेकडो प्रतिरूपं काढायची, निम्म्यांना उपचार द्यायचा, निम्म्यांना नाही, आणि फरक बघायचा. फरक दिसला तर तो पुरावा. पुराव्याशिवाय रुग्णाच्या हातात साधा रबरी चेंडूही देता येत नसे.

शाल्मली खानोलकर व्यवसायोपचार करी. बटण लावणं, पोळी लाटणं, अशा रोजच्या कामांतूनच लुळा हात जागा करायचा, हे तिचं शास्त्र. अर्धांगवायूनंतर बुवांचा उजवा हात सरावाच्या बटणांच्या पाटीवर नुसता पडून राही. एकदा त्यांनी घरून कीर्तनातल्या चिपळ्या आणल्या आणि अंगठा हलला. तिने त्याच दिवशी चाचणी लावली. ती चालू असेपर्यंत बुवांनाही चिपळ्या वापरायची मुभा होती.

"या बाजूचे कोण?" पडद्याकडे बघत बुवांनी विचारलं.

"तुलनेचा गट. त्यांना चिपळ्या नाहीत."

"पण आहे मीच ना?"

"सवयींसकट."

"तरीच संध्याकाळ झाली की चाचपडतात बिचारे."

"गणितं आहेत ती, बुवा. जीव नाही त्यांत."

"देवाच्या मूर्तीबद्दलही असंच म्हणतात काही जण. मी वाद नाही घालत. कीर्तनाला उभा राहतो."

शाल्मली हसली आणि चहाला गेली.

निकाल आला तेव्हा मात्र तिला एका जागी बसवेना. दोन्ही गटांचे हात सारखेच सुधारले होते. फरक शून्य. तिने आकडे पुन्हा पुन्हा तपासले. मग तिची नजर माईककडे गेली. 'मूठ उघडा, मूठ मिटा' अशा सूचना दोन्ही गटांच्या प्रतिरूपांना त्यावरूनच देत. माईकच्या दांडीवर बुवांच्या अष्टगंधाचा डाग होता.

"बुवा, तुम्ही यावर काही बोललात?"

"बोललो कुठे? तुम्ही चहाला गेलात की नामाचा गजर करायचो. श्रोते आयते बसलेले. रिकाम्या हातांनी काय ताल धरला हो त्यांनी."

शाल्मली खुर्चीत टेकली. "अहो, आता चिपळ्यांनी काय झालं आणि गजराने काय, हे कसं कळणार? पुरावा एवढंच म्हणतोय, चिपळ्यांचा उपयोग नाही."

"म्हणजे माझ्या जाणार?"

"मी चूक कळवते. नवी प्रतिरूपं काढू, गोकुळाष्टमीच्या कीर्तनाआधी निकालही येईल. फक्त या वेळी तुलनेच्या गटाचे कान बंद ठेवावे लागतील."

"मग गजराचीच चाचणी घ्या की."

"तिलाही न ऐकणारे लागतीलच."

बुवांच्या हातातली चिपळी एकदा वाजली.

"तुमच्यासारखे कितीतरी हात आहेत, बुवा. त्यांच्यासाठी तरी."

"ते कळतंय हो मला. पण नाम चालू असताना कुणाचे कान झाकायचे, ते तुम्ही ठरवा. माझे मी झाकू देणार नाही." डाव्या हाताने त्यांनी उजवा अंगठा चिपळीच्या कडीतून सोडवला आणि चिपळ्या टेबलावर ठेवल्या. उजवी बोटं नंतरही थोडा वेळ उघडमीट करत राहिली.

चूक कळवली की कान बंद केलेली नवी प्रतिरूपं काढणं भागच होतं. शाल्मलीने ती कळवली नाही. आकडे खरे होते, ते तसेच गेले. सगळ्या उपचारकेंद्रांत चिपळ्या निरुपयोगी ठरल्या.

गोकुळाष्टमी उलटल्यावर एक बाई आल्या. उजवा हात ओढणीच्या झोळीत, डाव्या हातात पिशवी.

"भजनी मंडळात होते मी. चिपळ्या आणल्यात. यांनी काही होईल का हो?"

बाईंचा आजारी अंगठा पिशवीतून डोकावणाऱ्या चिपळीच्या कडीकडे सरकताना शाल्मलीला स्पष्ट दिसला.

"नाही," ती म्हणाली. "तसं सिद्ध झालंय." आणि तिने बटणांची पाटी पुढे केली.