अंगठ्याचं माप

“तू आपली बाहेरच्या खोलीतच झोपत जा! तुझ्या घोरण्यानं मला डोळा लागत नाही!”

आठ दिवसांपूर्वी मास्तर असं ताडकन बोलले होते आणि तेव्हापासून ते शब्द तिच्या काळजात रुतून बसले होते. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात घोरण्याची तक्रार एकदाही नाही, आणि आता, डॉक्टरांनी हात टेकल्यावर, मोजके दिवस उरलेले असताना... आताच तिची अडचण व्हावी? शेवटचे दिवस आपल्याच घरी काढायचे, हा हट्ट त्यांचाच. त्यासाठी तिनं दोघांचं शिलाईचं दुकान बंद केलं, लेकीकडे जाणं सोडलं, दिवसभर त्यांच्या उशापायथ्याशी राबली. आणि त्याचं हे फळ!

वेदना हलकी करायला सिस्टर एक दिवसाआड घरी येत. आल्या की आधी विचारत, “काका, दुखणं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य.”

“तीन,” मास्तर म्हणत.

उशाशी बसलेली ती वहीत तीन लिही आणि त्या आकड्यावरून औषध ठरे. दुकानातही असंच चाले. मास्तर माप घेत, ती लिहून घेई. फक्त गिऱ्हाईक पोटानं सुटलेलं असलं, की चारचौघांत त्याला लाजवायचं नाही म्हणून मास्तर कमी आकडा पुकारत आणि त्याच्या पाठीमागे टेपच्या पितळी टोकावर अंगठा वाजवत. अंगठा वाजेल तितके इंच तिनं वाढवायचे. एक वकीलसाहेब तर “छत्तीस!” ऐकून दरवेळी छाती फुगवून घरी जात, आणि त्यांची पँट शिवली जाई चाळिसाची!

त्या सकाळी सिस्टरनं विचारलं, मास्तर “तीन” म्हणाले आणि तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. रागानं आठ दिवस मान वर न करता लिहिणाऱ्या तिची नजर आज प्रथमच वर गेली... मास्तरांचा अंगठा खाटेच्या लोखंडी कडेवर वाजत होता. टक, टक, टक, टक, टक!

तिनं मनात बेरीज केली. तीन आणि पाच...

“सिस्टर, आठ! ह्यांचं दुखणं आठ आहे!”

“काहीतरीच काय...” मास्तर चाचरले. त्यांनी नकळत वाजणाऱ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखा तो मुठीत लपवला.

“मी घोरते ना? खरं सांगा, माझी शपथ आहे!”

मास्तरांनी मूठ उघडली. “रात्री कण्हणं आवरत नाही गं... तू ऐकलं असतंस, तर रात्रभर उशाशी बसली असतीस. दिवसभर किती राबतेस... निदान झोप तरी मिळावी तुला.”

“आणि मी आपली बाहेर पडून तुमच्यावर रागावत होते!” ती खाटेच्या कडेला टेकली. “अहो, जन्मभर लोकांची पोटं झाकलीत ती झाकलीत... माझ्यापासून दुखणं झाकायचं?”

सिस्टरनं तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावून औषध वाढवून घेतलं. संध्याकाळी तिनं आपलं अंथरूण त्यांच्या खाटेला खेटून घातलं. मास्तर तिच्या बाजूला सरकले.

दोन दिवसांनी सिस्टर पुन्हा आल्या. “काका, दुखणं?”

“तीन.”

तिनं अंगठ्याकडे पाहिलं. तो तिच्या मनगटावर शांत विसावला होता. तिनं समाधानानं तीन लिहिले.

“आणि काकू, तुमचं हो?” सिस्टरनं हळूच विचारलं.

“माझं कसलं आलंय दुखणं!” ती हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली. “एक लिहिते, बास.”

तिच्या मनगटावरचा अंगठा हलला. एकदा... दोनदा... तिनं हात काढून घेतला नाही. तो सावकाश, मोजून, नऊ वेळा टेकला, तेव्हा कुठे थांबला.

“दहा लिही,” मास्तर म्हणाले. “आणि रडून घे एकदाची. मी जागा आहे अजून.”