शांत झालेल्या पेशी

कुमुद दाराकडे पाठ करून बसायला काही केल्या तयार होईना. शेवटी विनया दाबके उठल्या आणि त्यांनी तिची खुर्ची भिंतीला लावून दिली. तेव्हा कुठे ती टेकली.

"यशू, कडी घाल," ती भावाला म्हणाली.

यशोधनने कडी घातली. मयूर विहारच्या सोसायटीतला हा फ्लॅट म्हणजे विनयाबाईंचं ऑफिस. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी खाजगी तपासाची कामं घ्यायला सुरुवात केली आणि यशोधनला मदतीला ठेवलं. घाबरलेली माणसं त्याने इथे पुष्कळ पाहिली होती. आज त्या खुर्चीत त्याची सख्खी थोरली बहीण बसली होती.

"दीनानाथ गेले," कुमुद म्हणाली. "आता माझी पाळी."

"कोण दीनानाथ?" विनयाबाईंनी विचारलं.

गुडगावच्या नव्या काचेच्या इस्पितळात कुमुदचं वजन उतरवायचं ऑपरेशन झालं होतं. पोट कापून लहान करतात, ते. त्याच आठवड्यात दीनानाथांचंही झालं. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, गप्पिष्ट गृहस्थ. तपासणीसाठी रांगेत बसता बसता दोघांची ओळख झाली. इस्पितळातल्या एका संशोधनासाठी दोघंही अधूनमधून रक्त देत होते.

"आधी ते इतके खुशीत होते, बाई! महिनाभर गुडघे धरून कण्हत होते, आणि एकदम दुखायचेच थांबले. वजन म्हणावं तसं उतरलंही नव्हतं. पुढे ताप आला, खोकला आला. जुना क्षय उफाळला म्हणाले. गेल्या महिन्यात गेले."

"आणि तुला काय होतंय?"

कुमुदने बाही वर केली. दंडावर जांभळे डाग होते. "कुणी मारलेलं नाही. दाराचा जरा धक्का लागला की असं होतं. झोप लागत नाही. जिभेवर सारखा पांढरा थर. दीनानाथांनाही अगदी हेच होत होतं. मला कुणीतरी थोडं थोडं मारतंय."

यशोधन तिच्याकडे पाहतच राहिला. हातापायांच्या काटक्या झाल्या होत्या. चेहरा मात्र गोल गरगरीत, जणू दुसऱ्याच कुणाचा आणून बसवलेला.

"दीनानाथांचे गुडघे दुखायचे थांबले," विनयाबाई म्हणाल्या. "तुझं काही थांबलं का?"

कुमुद गोंधळली. "शिंका," ती जरा वेळाने म्हणाली. "आमच्याकडे मेट्रोचे खांब उभारताहेत, चारी बाजूंना टॉवर चाललेत, सगळीकडे धूळ. मी जन्माची शिंकणारी. यंदा एकदाही नाही."

"संशय कुणाचा येतो?"

तिने आवाज एकदम खाली आणला. "यतीनचा, माझ्या नवऱ्याचा. रोज सकाळी माझं प्रोटीनचं दूध तो कालवतो. जीवनसत्त्वाची कॅप्सूल हातावर ठेवतो आणि गिळेपर्यंत समोर उभा राहतो. इतकी वर्षं ज्याने पाण्याचा पेला दिला नाही, तो! एकदा पळून मावशीकडे गेले, सरोजिनी नगरला. अंगावरच्या कपड्यांनिशी. तिथे तर उभंच राहता येईना. उलट्या, चक्कर. तो येऊन घरी घेऊन गेला आणि मी दोन दिवसांत उठून बसले. म्हणजे घराबाहेरही तो मला गाठतो!"

विनयाबाईंनी तिचा दंड पुन्हा एकदा नीट पाहिला. मग त्या दोघांनाही म्हणाल्या, "कुमुद, आजच्या आज घरी जायचं. खाणं, पिणं, औषध, काही म्हणजे काही बदलायचं नाही. कितीही भीती वाटली तरी."

यशोधनला पटेना. माझ्या बहिणीला पुन्हा त्याच घरात पाठवायचं?

दुसऱ्या दिवशी विनयाबाई आणि यशोधन मानेसरला गेले. यतीन तिथे मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर होता. कंपनीच्या बसगाड्यांच्या रांगेआड उभं राहून तो बोलला.

"बिल्कुल खरं आहे, मी समोर उभा राहतो. एक दिवसही चुकवायचं नाही, असं मृणाल मॅडम दर वेळी बजावतात. त्या संशोधनवाल्या. पण कुमुद माझ्याकडे अशी बघते यार, जणू मी कसाई आहे." त्याचे डोळे भरून आले. "रात्री खोलीला आतून कडी घालते."

"दीनानाथांना भेटला होतात?"

"नाव ऐकलंय फक्त."

परतताना यशोधन म्हणाला, "नाटक करतायत भावजी."

"असेल," विनयाबाई म्हणाल्या. "पण मग दीनानाथांना कुणी मारलं?"

इस्पितळात डॉक्टर श्यामकांत घाईत होते. ऑपरेशन त्यांनीच केलं होतं आणि त्याचा अभिमान त्यांच्या बोलण्यातून ओसंडत होता.

"टाका न् टाका तपासलाय मी. दीनानाथांच्या फुप्फुसात जुन्या क्षयाचा डाग होता. वर्षानुवर्षं गप्प होता. का उठला, ते मला अजून कळत नाही."

"आणि कुमुद?"

"इन्फेक्शनच्या शंकेने साधी रक्ततपासणी केली. पांढऱ्या पेशी वाढल्यात. गंमत म्हणजे ऍलर्जीत वाढतात त्या पेशी जवळजवळ दिसल्याच नाहीत."

"संशोधनातल्या तपासण्या काय सांगतात?"

"मला मुद्दामच कळू देत नाहीत. नळ्यांवर नुसते आकडे असतात. कोणता आकडा कुणाचा, ते एकट्या मृणालला ठाऊक. नाहीतर मी माझ्या पेशंटांचे गोडवे गायला लागेन, अशी तिला भीती!" ते हसले.

आहारतज्ज्ञ रुचिताने कपाट उघडून दाखवलं. कॅप्सूलच्या बाटल्या ओळीने लावलेल्या होत्या. "पोट लहान झालं की जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत. म्हणून सगळ्यांना ह्याच. पहिली बाटली मी देते, पुढच्या ते इथून नेतात. काहीजण फिरकत नाहीत, बाहेरून घेत असतील. मी कुणाकुणाच्या मागे लागू?"

"आणि या घेऊन कुणी आजारी पडलं?"

"छे हो. उलट टवटवीत होतात."

विनयाबाईंनी एक बाटली मागून घेतली.

डॉक्टर मृणालची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. तिने आधी दोघांना चहा दिला, मगच बोलायला बसली.

"माणूस फार लठ्ठ झाला ना, की त्याच्या चरबीत पांढऱ्या पेशी शिरून बसतात," ती म्हणाली. "ना जखम, ना जंतू, तरी लढतच राहतात. अंगभर मंद सूज धुमसत राहते. मग मधुमेह, हृदयविकार, सगळं मागोमाग. ऑपरेशननंतर वजन उतरतं तशा त्या शांत होतात. किती आणि किती लवकर, हेच मी मोजते. पुढच्या महिन्यात परिषदेत मांडायचंय."

"सगळ्यांच्याच शांत होतात?"

"कुमुदताईंच्या सुरुवातीला हट्टी होत्या. दीनानाथकाकांच्याही. पण नंतर दोघांचीही सूज झपाट्याने उतरली." तिने कप खाली ठेवला. "काका गेले, ते फार वाईट झालं. त्या दोघांना इथवर येणं झेपत नव्हतं, म्हणून मीच घरी जाऊन रक्त घ्यायची."

खाली आल्यावर यशोधन म्हणाला, "एवढ्या इमारतीत माणूस म्हणावं अशी ही एकटीच."

विनयाबाई हातातली कॅप्सूलची बाटली उलटसुलट करून पाहत होत्या.

त्याच्याने मात्र आता राहवेना. यतीन कामावर गेलेला असताना तो गुडगावला गेला आणि कुमुदला घेऊन सरळ आपल्या घरी आला. "त्या घरातली एकही वस्तू बरोबर घेऊ नकोस," त्याने बजावलं होतं. "दूध नको, औषधं नकोत, काही नको." विनयाबाईंना त्याने सांगितलंच नाही, आणि यतीनचे फोनही उचलले नाहीत.

आल्या दिवशी कुमुद पोटभर जेवली. भावाशी लहानपणीच्या गोष्टी बोलत बसली. दुसऱ्या दिवशी तिला अन्न नकोसं झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरातून आला, तेव्हा ती पलंगाशेजारी जमिनीवर पडली होती. अंग थंडगार, ओठ पांढरे. हाक मारली तर डोळे नुसते हलले.

त्याने स्वतः रांधलेलं तिने खाल्लं होतं. घरात तिसरं माणूस आलं नव्हतं. कुणी हात लावल्याशिवायच ती मरत होती. यशोधनने विनयाबाईंना फोन लावला.

विनयाबाई शेजारच्याच सोसायटीतून धापा टाकत जिना चढून आल्या. "तिच्या कॅप्सूल कुठायत?"

"तिथेच. मी मुद्दाम ठेवायला लावल्या."

"अरे देवा! उचल तिला. रिक्षा बघ."

जवळच्या नर्सिंग होममधल्या तरुण डॉक्टरला त्या दारातूनच म्हणाल्या, "ही कित्येक महिने नकळत स्टेरॉइड घेत होती. परवापासून एकदम तुटलंय. आधी ते टोचा, मग मला काय हवं ते विचारा."

डॉक्टरने रक्तदाब पाहिला आणि काही न विचारता सुई भरली. यशोधन भिंतीला टेकून उभा होता. संध्याकाळ व्हायच्या आत कुमुदने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामकांतांच्या खोलीत सगळे जमले. रुचिता होती, यतीन होता, मृणालही आली होती. विनयाबाईंनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या.

"कुमुद म्हणत होती, कुणीतरी विष घालतंय," त्या म्हणाल्या. "पण विषापासून दूर गेलेलं माणूस सुधारतं. ही दूर गेली की कोसळायची आणि घरी आली की उठून बसायची. म्हणजे जे मिळत होतं, त्याची शरीराला सवय झाली होती. मावशीकडे ती अंगावरच्या कपड्यांनिशी गेली. भावाकडेही रिकाम्या हाताने. दोन्ही वेळा कॅप्सूल मागे राहिल्या."

"पण स्टेरॉइडच कशावरून?" श्यामकांतांनी विचारलं.

"माझ्या वडिलांना दमा होता. वर्षानुवर्षं त्याच गोळ्यांवर होते. असाच गोल चेहरा, काटकुळे हात, धक्का लागला की डाग, जिभेवर थर. तुम्ही तर पुरावाच हातात दिलात, डॉक्टर. जन्माची ऍलर्जी असलेल्या बाईच्या रक्तात ऍलर्जीच्या पेशीच नाहीत, आणि धुळीत राहून ती शिंकत नाही. दीनानाथांचे गुडघे वजन उतरण्याआधीच दुखायचे थांबले. स्टेरॉइड सूज दाबतं आणि त्याबरोबर अंगातली राखणही झोपवतं. म्हणून तर गप्प बसलेला क्षय उठला."

श्यामकांत हळूच खुर्चीत बसले.

विनयाबाईंनी दोन्ही बाटल्यांतली एकेक कॅप्सूल उघडून कागदावर रिती केली. "ही रुचिताच्या कपाटातली. पिवळी पूड, जीवनसत्त्वाचा उग्र वास. ही कुमुदच्या घरची, काल यतीनने आणून दिली. पांढरी, वास नाही, कडू जहर. यातल्या काही तपासायला दिल्या आहेत."

यतीन त्या पांढऱ्या पुडीकडे बघत राहिला. "मी रोज... माझ्या हाताने..."

"तुम्ही नाही. दीनानाथांशी तुमचा संबंधच नव्हता. रुचिताच्या कपाटातल्या कॅप्सूल बाकीचे सगळे घेतात आणि ठणठणीत आहेत. मग निवडून हे दोघंच का? दोघांत सारखं एकच होतं. ऑपरेशननंतरही त्यांच्या पेशी शांत होत नव्हत्या. ते डॉक्टरांना माहीत नव्हतं, रुचिताला नव्हतं. नळीवरचा आकडा कुणाचा, हे ठाऊक असलेलं माणूस एकच. तेच त्या दोघांच्या घरी जात होतं. यतीन, कुमुदची बाटली संपली की नवी कोण आणायचं?"

"मृणाल मॅडम," यतीन पुटपुटला. "म्हणायच्या, तुम्हाला खेप नको."

मृणालने नाकारलं नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"बाकी सगळ्यांच्या शांत होत होत्या," ती म्हणाली. "फक्त या दोघांच्या नाही. एवढ्या वर्षांचं काम, आणि दोन माणसांमुळे सगळं विस्कटत होतं. वाटलं, थोडंसंच द्यावं, परिषद होईपर्यंत. मग कमी करत आणायचं, कुणाला कळणारही नाही. काकांना पूर्वी क्षय झाला होता, मला कुठे माहीत होतं?"

"ते गेल्यावर तर माहीत झालं," विनयाबाई म्हणाल्या. "त्यानंतर कुमुदची बाटली कुणी भरली?"

मृणालने पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. यशोधनला तिने प्रेमाने दिलेला तो चहा आठवला. श्यामकांतांनी पोलिसांना फोन लावला.

दुपारी यशोधन आणि यतीन नर्सिंग होममध्ये गेले. वाटेत यशोधनने माफी मागितली. यतीन म्हणाला, "जाऊ दे यार. ती वाचली ना?"

कुमुदला सगळं सांगितलं, तेव्हा ती रडली नाही. तिने यतीनचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग तो तरुण डॉक्टर आला. त्याच्या तळहातावर एक लहानशी पांढरी गोळी होती.

"हे तेच औषध आहे," तो म्हणाला. "तुमचं शरीर आता स्वतःहून ते बनवायचं विसरलंय. त्याला पुन्हा शिकवायला काही महिने लागतील. तोवर रोज घ्यावं लागेल, थोडं थोडं कमी करत. एकही दिवस चुकवून चालणार नाही."

यतीनने सवयीने पेल्याकडे हात नेला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. यशोधनलाही पुढे होण्याचं धाडस झालं नाही.

कुमुदने गोळीकडे पाहिलं. मग तिने स्वतःच पेला उचलला.

"सगळे इथेच थांबा," ती म्हणाली आणि गोळी गिळली.